बाइंडिंगला गेलेला लेखक

या प्रकरणात एक लेखक येतो. त्याचं नाव मी लिहिणार नाही. घाबरते म्हणून नव्हे; आता या वयात घाबरायचं कोणाला? पण माझं पुस्तक शंभर जणांनी जरी वाचलं, तरी तेवढ्या शंभर जणांना त्याचं नाव कळेल. एवढी फुकटची जाहिरात मी त्याची करणार नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल. वऱ्हाडात ओळखणारे फार उरलेले नाहीत, आणि ते का उरले नाहीत तेच सांगायला बसले आहे.

आमचं घर म्हणजे अमरावतीतल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या. बाबा तिथले ग्रंथपाल, म्हणून राहायला जागा. पुढे मोठा हॉल, उतरत्या फळ्यांवर वर्तमानपत्रं लावलेली, आणि जाळीच्या खिडकीमागे बाबा. मागे आमचं स्वयंपाकघर, त्यापुढे अंगण, धुण्याचा दगड, आणि गल्लीत उघडणारं एक बुटकं लाकडी दार. पुढच्या हॉलमधून दिवसभर पानांची सळसळ, खोकले आणि निवडणुकीवरचे वाद ऐकू येत. मागून ऐकू येई आईचा पाटावरवंटा. दुपारी ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या की त्यांचा खकाणा हॉलमध्ये जाई आणि पेपर वाचणारी सगळी पेन्शनर मंडळी एकदम शिंकायला लागे. बाबा जाळीतून मागे वळून म्हणत, "अवं, दार लोट." आई म्हणे, "शिंकू द्या, तेवढीच जाग येईल त्याईले."

पुढच्या दाराने बाया येत नसत. बंदी अशी कुठे लिहिलेली नव्हती, पण सभासद म्हणून नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, आणि पुस्तक बदलायला येणारही तोच. तो जे उचलून नेईल ते घरच्या बाईने वाचायचं. कोणाला शिकारीच्या गोष्टी मिळत, कोणाला योगासनं. आमच्या शेजारच्या एका काकूंनी वर्षभर नवऱ्याने आणलेली कुस्तीगिरांची चरित्रं वाचली होती आणि त्या डावपेचांवर अधिकाराने बोलत. ग्रंथपालाला मात्र घरी पुस्तकं नेण्याची सवलत होती. ही पुस्तकं आईच्या नावावर लागत. आई ती वाचे आणि मग मागच्या बुटक्या दारातून गल्लीतल्या बायांना देई. कागदोपत्री पुस्तक आमच्या घरी, प्रत्यक्षात ते कुणाच्या तरी पिठाच्या डब्यामागे. एखादं हरवलं तर जबाबदारी आईची, आणि तिच्यामुळे बाबांच्या नोकरीची. वाचनालयाच्या समितीला हे माहीत होतं, पण समितीतल्या पुरुषांच्या बायकाही याच दारातून येत, म्हणून सगळे गप्प.

तुम्हाला काय आवडतं, असं आई कधीच विचारत नसे. ती विचारायची, घरी काय चाललंय. कोणाकडे नणंद मुक्कामाला आली असेल तर तिला जाडजूड कादंबरी, म्हणजे महिनाभर मान वर करायला नको. पहिलटकरणीला शेवटी कोणी मरत नाही असं पुस्तक. एकीचा नवरा जुगारात बुडाला होता, तिला आईने हसवणारं पुस्तक दिलं. ती रागावली, तर आई म्हणाली, "रडाले तुह्याजवळ घरचं आहेच की, माह्यापासून काहून नेतं?" तिचा एकच नियम होता. नैवेद्य सोडून कोणतीही गोष्ट चाखल्याशिवाय वाढायची नाही. स्वतः वाचलं नाही ते पुस्तक ती कोणाच्या हातात देत नसे. पुढे मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, मोठमोठे शब्द शिकले, पण वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालायचं याहून वेगळं काही मला कोणी शिकवलं नाही. आई साधीभोळी होती असं मात्र कोणी समजू नका. तिला आपल्या या कामाचा भारी तोरा होता. "माह्या बाया" म्हणायची, जणू फौजच.

त्या फौजेत सुमनकाकू पहिल्या. समितीच्या सेक्रेटरींची बायको, पिवळ्या बंगल्यातली. हनुवटीवर लहानपणी भाजल्याचा वाटीच्या तळाएवढा डाग. सेक्रेटरी तात्यासाहेब म्हणजे इस्त्रीचं धोतर आणि इस्त्रीचाच स्वभाव. घरात मोठ्याने बोलणं नाही, हसणं तर नाहीच. सुमनकाकू आमच्या दारातून वाकून आत येत, धुण्याच्या दगडावर बसत, आणि पुस्तक घरी नेईपर्यंतही दम नसे, तिथेच पहिली चार पानं वाचून काढत. मला त्या दिसल्या की आनंद व्हायचा, कारण त्यांच्या ओच्यात कायम भाजलेले शेंगदाणे असत.

तर याच दारातून तो लेखक वऱ्हाडात शिरला. तेव्हा त्याला पुण्याबाहेर कोणी ओळखत नव्हतं. त्याच्या कादंबरीतली बाई एका सकाळी चूल विझवते आणि घर सोडून निघून जाते. आईने ती दोनदा वाचली, आणि मग ती प्रत्येकीला दिली. गल्लीतून पुढच्या गल्लीत, तिथून राजापेठेत, कोणाच्या तरी बहिणीबरोबर चांदूर रेल्वेला, कोणाच्या माहेरी मूर्तिजापूरला. प्रत फाटली, इतवाऱ्यातल्या रहीमचाचांनी ती बांधून दिली, पुन्हा फाटली. आईने बाबांच्या मागे लागून त्याची बाकीची पुस्तकं मागवली, आणि पुढे व्याख्यानमालेला त्यालाच बोलवा म्हणून धोशा लावला. वऱ्हाडात त्याला वाचक मिळाला तो माझ्या आईमुळे. हे वाक्य मी ठळक अक्षरात छापायला सांगणार होते, पण प्रकाशक नको म्हणाले.

तो आला. उंचापुरा, खादीचा झब्बा, बोलणं मधासारखं. जेवायला आमच्याकडेच होता. आईने पातोडीची रस्सा भाजी केली होती, कढी-फुनके, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी. त्याने पातोडी तीनदा मागून घेतली. नाक पुसत, डोळे पुसत जेवला. "वहिनी, अन्नपूर्णा आहात," म्हणाला. मी वाढत होते, मला शाळेतल्या अभ्यासाबद्दल विचारलं. एवढा मोठा माणूस आपल्याशी बोलतो म्हणून मी हरखून गेले. आजही तो प्रसंग आठवला की त्या तिसऱ्या वाढीचा राग येतो. ती पातोडी माझ्या वाटणीची होती.

संध्याकाळच्या व्याख्यानाआधी आईने मागच्या अंगणात सतरंजी घातली आणि आपल्या बाया बोलावल्या. लेखक भेटायला येतो म्हणजे काय, हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. कोणी ओटी भरायचं सामान घेऊन आली, कोणी पुस्तक डोळ्यांना लावून त्याच्यापुढे ठेवलं. रहीमचाचांच्या बेगम आल्या होत्या, त्यांनी शीरखुर्मा आणला. प्रत्येकीने त्याला आपलं काहीतरी सांगितलं. तो मान डोलवत ऐके, मधूनच "वा" म्हणे. सुमनकाकू सगळ्यांत शेवटी बोलल्या. त्या त्याला बाजूला, धुण्याच्या दगडापाशी घेऊन गेल्या आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. काय बोलल्या ते आईने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "सुमी आज मोकळी झाली." त्या रात्री आई फार खुशीत होती. वाचक आणि लेखक तिने समोरासमोर बसवले होते. यापुढे काय असतं?

दिवाळी आली. अंकांचा गठ्ठा आला. त्या काळी वाचनालयात दिवाळी अंकांसाठी जी झुंबड उडायची ती आता मिठाईच्या दुकानातही दिसत नाही. बाबा गठ्ठा सोडत असतानाच आईने अनुक्रमणिकेत त्याचं नाव पाहिलं. लेख वऱ्हाडातल्या पाहुणचारावर. आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आपल्या अंगणावर लिहिलं म्हणाली. कढईत अनारसे होते, हात पिठाचे, घरात पाहुणे. तिने अंक वाचला नाही. जन्मात पहिल्यांदा तिने चाखल्याशिवाय वाढायचं ठरवलं. फराळाचं ताट भरलं, रुमालाखाली अंक ठेवला, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही दोघी पिवळ्या बंगल्यावर गेलो, कारण पहिला मान सुमनकाकूंचा.

ओसरीवर सगळं घर बसलं होतं. तात्यासाहेब आरामखुर्चीत, त्यांची आई, दोन दीर, जावा, सणाला आलेली नणंद. तात्यासाहेबांनी रुमाल उचलला, अंक दिसला. पाहू आपला पाहुणा काय म्हणतो, असं म्हणून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा आमचीच पाळी होती. ग्रंथपालाची बायको, हळदीची बोटं, भाजी विचारून कादंबरी देणारी, 'मले' आणि 'तुले'. तिची भाकरी, तिचा तिखटपणा, पाहुण्याच्या नाकाचं पाणी. तात्यासाहेब कधी हसत नसत, ते हसले. दीर हसले. जावांनी पदर तोंडाला लावले. आईही हसली, जरा उशिरा. मला कळत होतं की तिचे कान लाल झाले आहेत.

मग पुढचा परिच्छेद आला. पिवळ्या बंगल्यातली, हनुवटीवर डाग असलेली एक वाचनवेडी बाई. त्याची कादंबरी वाचून एक दिवस पिशवी भरून घराबाहेर पडली, बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत गेली, बाकावर बसली, आणि गाडी यायच्या वेळेला आठवलं की चुलीवर दूध ठेवलंय. धावतपळत घरी. वऱ्हाडातली क्रांती अशी दुधाच्या पातेल्यापाशी येऊन थांबते, असं काहीतरी त्याने लिहिलं होतं. तात्यासाहेबांचा आवाज वाचता वाचता मंद झाला. शेवटचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. सुमनकाकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, हातात पाण्याचे पेले ठेवलेलं तबक. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि आत गेल्या. तात्यासाहेबांनी अंकाची घडी घातली, परत रुमालाखाली ठेवला आणि ताट आईपुढे सरकवलं.

"वहिनी, हे तुमचं तुमी घेऊन जा."

घरी आल्यावर आईने पूर्ण लेख वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग चुलीपुढे बसून रडली. आपली चेष्टा झाली म्हणून नव्हे. "म्या वाढलं, माह्या हातानं वाढलं," एवढंच म्हणत होती.

दिवाळी सरताच समितीची बैठक झाली. ग्रंथपालाच्या घरची सवलत रद्द. मागचं दार सुरक्षेच्या कारणास्तव बंद. गवंडी आला, विटा आल्या, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते बुटकं दार भिंतीत गेलं. बाबांची नोकरी राहिली, तेही तात्यासाहेबांनी उपकार केले असं सगळे म्हणाले. बाया परत कुस्तीगिरांवर आणि योगासनांवर आल्या. काहींचं तेही सुटलं. सुमनकाकूंना मारहाण वगैरे काही झाली नाही. तात्यासाहेब तसे नव्हते. त्यांनी फक्त घरातला छापील कागद बंद केला. वाण्याकडचं सामानसुद्धा डब्यात यायचं, पुडीत नाही. आमच्याकडे येणं बंद, हळदीकुंकवाला बोलावणं बंद. रस्त्यात दिसल्या तर त्या मान खाली घालून जात. आई थांबून बघत राही.

आणि तो? त्याचा तो लेख गाजला. पुढे कथाकथनात त्याने तो गावोगाव सांगितला, टाळ्या घेतल्या.

विटांची भिंत अजून ओली होती तेव्हाच आईने बाबांना सांगितलं, त्याची पुस्तकं कपाटातून काढा. बाबा म्हणजे भला माणूस. म्हणाले, असं काढता येत नाही, समितीचा ठराव लागतो. आई म्हणाली, "काढाची नाईत ना? मंग बाइंडिंगले टाका." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ज्यांनी वाचनालयात आयुष्य काढलं त्यांना ठाऊक आहे, बाइंडिंगला गेलेल्या पुस्तकाला कोणी 'का' विचारत नाही आणि 'कधी' विचारलं तर उत्तर मिळत नाही. गठ्ठा घेऊन आई आणि मी रहीमचाचांच्या दुकानात गेलो. खळीचा वास, दाबात कसलेली पुस्तकं, चाचांच्या बोटांना चिकटलेल्या कागदाच्या चिंध्या. त्यांनी वरचं पुस्तक उघडलं आणि नाव वाचलं.

"भाभी, कब तक रखना है?"

"मी सांगीन तवा."

चाचा म्हणाले, रहने दो, मेरे घर का भी दरवाजा बंद हुआ है. आणि गठ्ठा वरच्या फळीवर, पावसाच्या गळतीपासून दूर, नीट झाकून ठेवला. त्यांनी ती पुस्तकं खरोखर बांधलीही. लाल कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. काम घेतलं तर करायचंच, म्हणत.

मी मोठी झाले, शिकले, आणि अकोल्याला एका सार्वजनिक ग्रंथालयात लागले. जायच्या दिवशी आईने मला दही-साखर दिली आणि कानात सांगितलं, "पोट्टे, तिकडं बी बाइंडिंगवाला असंनच." मी काय समजायचं ते समजले. त्या ग्रंथालयात त्याची पुस्तकं होती, पहिल्या महिन्यात ती गेली. नवी आली, तीही गेली. आता कोणी म्हणेल, ही कसली ग्रंथपाल? माझी भाची प्राध्यापक आहे, ती म्हणते, मावशी, ही तर सेन्सॉरशिप. असेल. मी तिला विचारलं, तुझ्या त्या इंग्रजी शब्दाने मागचं दार उघडतं का? उघडत असेल तर सांग.

पण नुसतं पुस्तक लपवून लेखक मरत नाही. उलट वाचक जास्त मागे लागतो. ही विद्या मी आईकडूनच शिकले होते, फक्त उलटी वापरली. कोणी त्याचं पुस्तक मागितलं तर मी "बाइंडिंगला गेलंय" म्हणून हात झटकत नसे. विचारायची, बाई, घरी काय चाललंय? आणि मग असं दुसरं पुस्तक हातात ठेवायची की ती त्याला विसरूनच जाई. रिकाम्या हाताने एकही बाई माझ्या टेबलावरून परत गेली नाही. सूड घ्यायचा तर त्यात मेहनत लागते, आळशाचं काम नाही ते. त्याच्याहून चांगलं लिहिणारे शोधण्यासाठी मी जेवढं वाचलं तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशासाठी वाचलं नसेल. ग्रंथपालांचे मेळावे होत, तिथे चहाच्या वेळी मी विषय काढी. माझ्यासारख्या पुष्कळ जणी त्या मागच्या दाराच्या लेकी होत्या. चांदूर रेल्वेची होती, मूर्तिजापूरची होती. धारणीला जीपमधून पुस्तकांच्या पेट्या जात, त्या भरणारी माझी मैत्रीण होती. मेळघाटातल्या घाटरस्त्यांवर जीप कितीही हिंदकळली तरी तिच्या पेटीत तो कधी चढला नाही. आम्ही कोणाला शपथ घातली नव्हती. एकमेकींना गोष्ट सांगितली, एवढंच. आई जायच्या आधी, शुद्धीत होती तोवर, मला म्हणाली होती, "माहं काई राहिलं नाई. त्याची पुस्तकं तेवढी खाली नको उतरवू."

मी निवृत्त झाले. आणि मागच्या हिवाळ्यात अकोल्यातल्या एका संस्थेचा तरुण कार्यकर्ता घरी आला. मॅडम, मोठे लेखक येताहेत, पंच्याऐंशी पार केलीय, सत्कार करतोय, वाचकांशी संवाद आहे, तुम्ही बोलावलं की बाया येतात, तेवढा हॉल भरून द्या. नाव ऐकलं आणि मी त्याला आधी चहा दिला, मग फराळ दिला. म्हटलं, हॉलची काळजी करू नकोस. त्याच आठवड्यात मी अमरावतीला गेले. रहीमचाचा केव्हाच गेले. मुलाने दुकानात झेरॉक्स आणि स्पायरल सुरू केलंय. मी नाव सांगताच तो शिडी लावून वर चढला. अब्बा बोले थे, एक दिन कोई लेने आयेंगे. लाल कापड तसंच होतं, जरा फिकं. आईने खाली उतरवू नको म्हटलं होतं, पण मी ती वाचकासाठी उतरवत नव्हते.

हॉल मी खच्चून भरला. शिक्षिका, नर्सेस, बचत गटाच्या बाया, कॉलेजच्या मुली. सगळ्या वाचणाऱ्या, माझ्या हातच्या. तो काठी टेकत आला. आवाज मात्र तसाच, मधाचा. आणि काय सांगू, आपण ऐकतोय ते खरंच का असं मला वाटलं, त्याने सुरुवातच त्या गोष्टीने केली. अमरावतीची ती ग्रंथपालाची बायको, ती भाजी, आणि बडनेऱ्याचं दूध. इतकी वर्षं झाली तरी तेच पातेलं उतू जात होतं. पुढच्या रांगेतले पाहुणे हसले. मागे माझ्या बाया हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काय ते समजलं नसावं. त्याला जरा चुकल्यासारखं झालं. मग त्याने प्रेमाने विचारलं, बरं, माझं कोणतं पुस्तक तुम्हाला सर्वांत जवळचं वाटतं?

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत राहिला. त्याने पुन्हा विचारलं. निदान ती चूल विझवणारी? शेवटी एक कॉलेजची मुलगी उभी राहिली, बिचारी फार अदबीने म्हणाली, "सर, खरं सांगू का, तुमचं पुस्तक आम्हाला कधी मिळालंच नाही. बाइंडिंगला गेलंय म्हणतात." तिच्या मागे बसलेल्या शिक्षिका म्हणाल्या, आमच्या तालुक्याला पण तेच. तिसरीने मान हलवली. मी हे कोणालाही पढवलेलं नव्हतं, देवाशपथ.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग मी पुढे झाले आणि लाल गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "सर, बाइंडिंग झालं." त्याने वरचं पुस्तक उघडायला घेतलं. पानं एकमेकांना चिकटलेली, करकरीत. आतला अमरावतीच्या वाचनालयाचा शिक्का पाहून त्याने मान वर केली. मी हळूच सांगितलं, माइकमध्ये नाही, फक्त त्याला, की त्या पातोडीच्या भाजीवाल्या बाईची मी मुलगी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हॉलकडे, त्या सगळ्या बायांकडे, आणि मांडीवरच्या गठ्ठ्याकडे. त्याला सगळं एका दमात कळलं. हुशार माणूस, त्यात वाद नाही.

"इतकी वर्षं?" तो म्हणाला.

"चांगल्या बाइंडिंगले वेळ लागते," मी म्हटलं.

दया आली का, असं नंतर भाचीने विचारलं. नाही आली. म्हाताऱ्या माणसाची दया यावी असं शास्त्र आहे, पण तो म्हातारा होण्याआधी सुमनकाकू म्हाताऱ्या झाल्या, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अमरावतीला त्यांच्याकडे गेले. तात्यासाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. बंगला आता पिवळा नाही. काकूंच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षरही दिसतं, पण पुस्तक त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. आई दर दिवाळीला एक पाठवायची, ते तसंच परत यायचं. आईनंतर मी पाठवायला लागले, तेही परत. मी त्यांच्यापुढे बसले आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. त्या शेंगदाणे सोलत ऐकत होत्या. मी थांबले तर म्हणाल्या, "त्याचं तोंड कसं झालं, ते पुन्हा सांग." मी सांगितलं. "अजून एकदा." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी शेंगदाण्यांची फोलं फुंकली आणि पहिल्यांदाच बडनेऱ्याचं नाव काढलं.

"दूध नोतं वो," त्या म्हणाल्या. "रुमाल काढाले पिशवीत हात घातला तं पुस्तक हाती आलं. तुह्या मायच्या नावावरचं. मी गेली असती तं समितीनं तिले धरलं असतं, तुह्या बापाची नोकरी गेली असती. गाडी उभी होती. मी पुस्तक वापस कराले आली. त्याले मी हेच सांगितलं होतं, धुण्याच्या दगडाजवळ. त्यानं दूध टाकलं. पुस्तकासाठी कोणी वापस येते, हे त्याले खरंच वाटलं नसंन."

आईला हे कळायला हवं होतं, एवढंच डोक्यात येत होतं. त्या दिवशी ते पुस्तक पिशवीत नसतं तर काकू कुठे असत्या, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. उठताना मी भीत भीत म्हटलं, काकू, हे मी लिहू का? तुमचं आहे, तुम्ही नाही म्हणाल तर नाही.

"लिही," म्हणाल्या. "दूध काढून टाकजो. अन् मले आणून दे, मी वाचीन. पण त्याचं नाव टाकू नको. त्याचं नाव दिसलं तं पान उलटणार नाई मी."

नाही टाकलं, काकू. वाचा.